आयटीतली पहिली नोकरी : बनावट अनुभव घेऊ नका, खरा अनुभव घरूनही मिळतो

बी.ई. किंवा बी.सी.ए. होऊन वर्ष उलटलं, तरी घरी बसून अर्जच करत राहिलेली मुलं आज मालेगाव, भिवंडी, औरंगाबादच्या मोहल्ल्यांत सहज सापडतात. जाहिरातीत ‘दोन वर्षांचा अनुभव हवा’ असं लिहिलेलं असतं. नोकरीशिवाय अनुभव मिळत नाही, अनुभवाशिवाय नोकरी मिळत नाही. मग मुलानं करायचं काय?

आधी परिस्थिती समजून घेऊ. मोठ्या आयटी कंपन्या पूर्वी हजारोंनी फ्रेशर घ्यायच्या, काही महिने शिकवायच्या आणि मग कामाला लावायच्या. तो दरवाजा आता अरुंद झालाय. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. ते बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतले होते, पण धसका नव्या मुलांनीही घेतला. त्यात नवख्यांकडे दिलं जाणारं साधं कोडिंग आता एआय काही मिनिटांत करून देतं. त्यामुळे त्या कोडमधली चूक पकडणारा माणूस कंपनीला हवा असतो.

याच अस्वस्थतेवर एक धंदा उभा राहिलाय. पैसे घेऊन दोन-तीन वर्षांचं अनुभवपत्र आणि पगाराच्या स्लिपा बनवून देणारे लोक आहेत. ‘सगळेच करतात’ म्हणून काही पालकही मान डोलावतात. पण कंपन्या आता पार्श्वभूमी तपासतात. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन खात्यात कुठे, कधीपासून कधीपर्यंत नोकरी केली याची नोंद असते. कागदावर तीन वर्षं आणि खात्यात काहीच नाही, म्हटल्यावर प्रश्न येणारच. नोकरी लागल्यानंतर पकडला गेलेला मुलगा तर फ्रेशरपेक्षाही वाईट अवस्थेत सापडतो. आणि खोट्या कागदावर मिळालेला पगार हलाल कसा, हे आपल्या घरांत वेगळं सांगायला नको.

खरा अनुभव कंपनीबाहेरही मिळतो. मुलाखत घेणाऱ्याला एवढंच पाहायचं असतं की तू बनवलेली वस्तू कुणी खरोखर वापरतं का. क्लासमध्ये शंभर मुलांनी केलेला एकच प्रोजेक्ट त्याला पाठ झालेला असतो. त्यापेक्षा ओळखीच्या कारखानदाराकडे जा. कोणत्या मागावर किती कापड निघालं, कुठल्या कारागिराची आठवड्याची मजुरी किती झाली, हा हिशोब अजून कित्येक ठिकाणी वहीतच असतो. तो मोबाइलवर आणून द्या. पहिल्याच आठवड्यात शेठ दहा तक्रारी करेल. वीज गेली, नोंद अर्धवट राहिली. एकाच नावाचे दोन कारागीर निघाले. उचल वजाच झाली नाही. या तक्रारी कशा सोडवल्या, ते गिटहबवर लिहून ठेवा. मुलाखतीत अर्धा तास बोलायला एवढं पुरतं. फक्त कारागिरांची खरी नावं आणि रकमा तिथे टाकू नका.

ज्या मुलींना घरचे पुण्याला पाठवायला तयार नाहीत, त्यांच्यासाठी ओपन सोर्स हा चांगला रस्ता आहे. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून तो फक्त विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. काम घरून करता येतं आणि स्टायपेंडही मिळतो. निवड अवघड असते हे खरं, पण अर्जाच्या आधी दोन-तीन महिने एखाद्या प्रकल्पातल्या छोट्या चुका दुरुस्त करत राहिलं, तर अनोळखी अनुभवी लोक तुमचा कोड तपासतात. हे शिक्षण फुकट आहे.

१९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप मात्र आपली मुलं उगीच कमी लेखतात. पदवीधरांसाठीच्या राष्ट्रीय योजनेत ठरलेल्या किमान स्टायपेंडचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं. रक्कम तुटपुंजी वाटेल, पण कंपनीत केलेल्या कामाचा खरा दाखला हाती येतो.

पालकांना एक विनंती. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्या क्लासला लाखभर फी देण्याआधी, कर्ज काढण्याआधी तर नक्कीच, मागच्या बॅचच्या दोन-तीन मुलांशी स्वतः बोला. ते आज कुठे, कोणत्या कामावर आहेत ते विचारा. क्लासवाला नंबर द्यायला टाळाटाळ करू लागला, तर पैसे खिशातच ठेवा आणि मुलाला एक बरा लॅपटॉप घेऊन द्या.