मैदान कोणाच्या मापाचे?

सार्वजनिक उद्यानातील खेळाचे मैदान नव्याने आखावयाचे ठरले, की त्यासंबंधीच्या पहिल्या सभेत कोण बोलतो आणि कोण येतच नाही, एवढे पाहून त्या मैदानाचे भवितव्य बरेचसे सांगता येते. अमेरिकेतील ‘डिस्क गोल्फ’ ह्या खेळाच्या मैदानांबाबत हेच घडत आले आहे. १९७० आणि १९८०च्या दशकांत आखलेली कित्येक मैदाने आता जुनी झाली आहेत. २०२०-२१च्या साथीच्या काळात बंदिस्त जागांतील करमणूक थांबल्यावर ह्या खेळाकडे नव्या लोकांचा लोंढा वळला. आणि फेरआखणी करावयाची ती कोणत्या दर्जाच्या खेळाडूसाठी, हा वाद गावोगावच्या उद्यान विभागांपुढे उभा राहिला. वाद खेळाचा आहे, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न सार्वजनिक पैशाने उभारलेल्या प्रत्येक सोयीला लागू पडणारा आहे.

आपल्याकडे हा खेळ फारसा परिचित नाही. गोल्फमध्ये काठीने चेंडू टोलवून खळग्यात घालावयाचा असतो. येथे हाताने तबकडी फेकून ती खांबाला लोंबणाऱ्या साखळ्यांवर आदळवावयाची आणि खालच्या टोपलीत पाडावयाची. अशा अठरा टोपल्या कमीत कमी फेकींत पुऱ्या करणारा जिंकतो. प्रत्येक टप्प्याला गोल्फच्या परिभाषेतच ‘होल’ म्हणतात, मग तेथे खड्डा नसला तरी चालते. जेथून पहिली फेक करावयाची तो सिमेंटचा किंवा मुरमाचा लहानसा ओटा म्हणजे ‘टी’. फ्रिस्बी बनविणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक ह्यांनी १९७५ साली लॉस एंजलिस परगण्यातील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमचे मैदान आखले, १९७६ साली खेळाडूंची संघटना स्थापली, आणि साखळ्या-टोपलीच्या रचनेचे पेटंट १९७७ साली मिळविले. २००२ साली ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख मिसळून तबकड्या घडविण्यात आल्या! भक्ती म्हणावी तर ती अशी.

ह्या खेळाची खरी श्रीमंती त्याच्या स्वस्ताईत आहे. जगभरात आज दहा हजारांहून अधिक मैदाने आहेत, त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत आहेत, आणि बहुतेक ठिकाणी प्रवेशशुल्क नाही. एक तबकडी दहा-वीस डॉलरांत मिळते. गोल्फ क्लबाचे सभासदत्व ज्याच्या स्वप्नातही येणार नाही असा दुकानातला नोकर, शाळकरी मुलगा, निवृत्त शिक्षक येथे एकाच वाटेवर चालतो. जमीन नगराची, टोपल्या नगराच्या, झाडांची सावली सर्वांची. म्हणूनच मैदानाचे माप कोणाच्या अंगाचे असावे, हा प्रश्न येथे गोल्फपेक्षा अधिक बोचरा ठरतो.

माणसामाणसांतील अंतर ह्या खेळात थेट फुटांत मोजता येते. नवखा खेळाडू जेमतेम दोनशे फूट तबकडी फेकतो. धंदेवाईक खेळाडू सहज चारशे आणि प्रसंगी पाचशे फूट. (२०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात वाऱ्याच्या पाठबळावर ३३८ मीटरांची विक्रमी फेक झाली, पण तो प्रकार वेगळा.) संघटनेच्या गुणांकनात अव्वल खेळाडूचा मापदंड १००० धरला जातो आणि सामान्य मैदानावर सुमारे दहा गुणांचा फरक म्हणजे एका फेरीत एका फेकीचा फरक, असा हिशेब असतो. म्हणजे ८०० गुणांकनाचा माणूस हजारवाल्याच्या मागे अठरा होलांत वीस फेकींनी राहणार. आता साडेचारशे फुटांचा एक होल घ्यावा आणि अडीचशे फुटांवर एक तळे. पट्टीच्या खेळाडूला ते तळे दिसतही नाही. तबकडी त्याच्या माथ्यावरून जाते. नवख्याला मात्र पहिल्याच फेकीनंतर तळ्याच्या काठाशी उभे राहून पुढचा विचार करावा लागतो, आणि दोनदा प्रयत्न केला तर दोन तबकड्या बुडतात. मागून येणारा गट तोपर्यंत ओट्यावर ताटकळतो. गर्दीचा खर्च असा सर्वांच्या माथी बसतो, हे लांब होलाचा आग्रह धरणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

मग मैदाने लांबच का होत जातात? ह्याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन ह्यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ ह्या पुस्तकातील विवेचनाच्या आधारे देता येते. एखादी सेवा असमाधानकारक वाटली तर माणसापुढे दोन वाटा असतात: तक्रार करणे, किंवा मुकाट्याने निघून जाणे. मैदान ज्याला सोपे वाटते तो अनुभवी असतो, संघटित असतो, रविवारी सकाळी हजर असतो. तो सभेत उठून बोलतो. मैदान ज्याला अवघड वाटते तो पुन्हा येत नाही. बायको-मुलांना घेऊन एका दुपारी आलेला गृहस्थ सातव्या होलावर कंटाळून परत गेला, तर त्याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात होत नाही. उद्यान विभागाच्या अधिकाऱ्यापुढे जे लोकमत येते ते गाळून आलेले असते, आणि तोही ‘खेळणाऱ्यांची मागणी’ म्हणून प्रामाणिकपणे तेच पुढे पाठवितो. ह्यात कोणाचा दुष्टपणा नाही. संघटनेच्या सभासदांत पुरुषांची संख्या प्रचंड अधिक आहे, ह्या वस्तुस्थितीचा अर्थ स्त्रियांना हा खेळ आवडत नाही असा लावण्यापूर्वी त्यांच्यासाठी कोठे ओटे होते, हे विचारले पाहिजे.

वस्तुतः ‘सोपे की अवघड’ असा एकच पर्याय निवडण्याची सक्ती येथे मुळीच नाही. जमीन, साफ केलेली वाट, टोपली आणि फलक हा खर्च एकदाच होतो. टोपलीची किंमत काहीशे डॉलर. त्याच होलावर आणखी एक ओटा घालावयाचा तर सपाट केलेली थोडी जागा आणि थोडे सिमेंट एवढाच वाढीव खर्च. शाळेच्या इमारतीत दुपारपाळी सुरू करावी, तसे हे आहे; इमारत पुन्हा बांधावी लागत नाही. मॅसॅच्युसेट्समधील लेस्टर येथील मेपल हिल हे नाताळच्या झाडांच्या मळ्यातले खाजगी मैदान. तेथे लाल, पांढरे, निळे आणि सोनेरी असे चार प्रकारचे ओटे आहेत; जगातले नामांकित व्यावसायिक जेथे स्पर्धा खेळतात, त्याच झाडांमधून सामान्य हौशी माणूसही आपल्या ताकदीच्या ओट्यावरून खेळू शकतो. मिशिगनमधील हडसन मिल्स उद्यानात जागा मुबलक, म्हणून तेथे दोन स्वतंत्र मैदाने आहेत, ‘ओरिजिनल’ आणि ‘मॉन्स्टर’. नावांवरूनच कोणी कोठे जावे हे कळते. पण दुसरे मैदान घालण्याइतकी जमीन प्रत्येक गावाजवळ नसते. सामान्य गावाला मेपल हिलची रीत परवडेल.

अर्थात, ओटा पुढे सरकविला की काम झाले, अशी जी समजूत आहे ती घातक आहे. पुष्कळ ठिकाणी आखूड ओटा म्हणजे लांब ओट्याच्या रेषेतच शंभर-दीडशे फूट पुढे ठोकलेली एक फळी. तेथून खेळणाऱ्याला अंतरात सवलत मिळते आणि खेळ हरवतो. एक उदाहरण घेऊन पाहावे. वाट एका जुन्या ओक वृक्षाजवळ डावीकडे वळते आणि टोपली त्या वळणापलीकडे आहे. लांब ओटा वळणापासून तीनशे फुटांवर आहे. तेथून चांगला खेळाडू एका फेकीत वळणावर पोचतो आणि तेथे त्याला निवड करावी लागते, झाडाला वळसा घालून धीट फेक करावी की सरळ सुरक्षित टप्पा घ्यावा. आता आखूड ओटा वळणाच्या पुढे नेऊन ठेवला तर नवख्यापुढे मोकळे मैदान उरते, निवड काहीच उरत नाही. तोच ओटा वळणाच्या अलीकडे एकशे ऐंशी फुटांवर, किंचित बाजूला ठेवला, तर नवख्याचीही चांगली फेक त्याच ओकाखाली येऊन पडते आणि तोच प्रश्न त्यालाही सोडवावा लागतो. म्हणून आखणी करणाऱ्याने पहिल्यांदा टोपली आणि ती निवडीची जागा ठरवावी, आणि मग तेथून मागे मोजत निरनिराळ्या ताकदीचे ओटे बसवावे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना ह्यात नवे काही वाटणार नाही. सर्व विद्यार्थी नापास होतील अशी प्रश्नपत्रिका ज्याप्रमाणे काही मोजत नाही, त्याप्रमाणे सर्वांना शंभर गुण देणारीही मोजत नाही.

अवघडपणा लांबीखेरीज अन्य मार्गांनीही आणता येतो, आणि तो अधिक न्याय्य असतो. लांबी फक्त दंडाची ताकद पाहते. झाडांमधली अरुंद फट सर्वांचीच परीक्षा घेते. टोपलीच्या मागे उतार ठेवला तर लांबून टोपली गाठण्याची ईर्षा धरणाऱ्याला धोका. सावकाश जवळ येणाऱ्याला तो नाही. गोल्फच्या मैदानांचे प्रख्यात आखणीकार अॅलिस्टर मॅकेंझी ह्यांनी १९२० सालच्या आपल्या पुस्तकात हेच तत्त्व मांडले होते: एखादा टोला गमावण्याची तयारी असलेल्या दुबळ्या खेळाडूला नेहमी पर्यायी वाट मोकळी असावी. गोल्फने त्यांचे नाव घेतले आणि वाट मात्र लांबीची धरली. चेंडू दूर जाऊ लागले तसतशी मैदाने लांबत गेली, आणि ह्या चक्राला आळा घालण्याची भाषा त्या खेळाच्या नियामक संस्थांना २०२०च्या अहवालात करावी लागली. तबकडीच्या खेळाने तो धडा फुकटात घ्यावा.

नावाचाही प्रश्न किरकोळ समजू नये. गोल्फमध्ये पुढच्या ओट्याला दीर्घकाळ ‘बायकांचा ओटा’ म्हटले गेले. परिणामी साठीच्या पुरुषानेही तेथे पाऊल ठेवण्यात कमीपणा मानला आणि चेंडू शोधत दुपार घालविली. डिस्क गोल्फच्या संघटनेने ओट्यांचे रंग स्त्री-पुरुषभेदावर न बेतता खेळाच्या गुणांकनावर बेतले, हे शहाणपण होय. आपल्याकडे गल्लीतल्या खेळात लहान भावंडाला ‘कच्चे लिंबू’ करून घेत. त्याला खेळात जागा मिळे, पण त्याच्यावर राज्य येत नसे आणि त्याचा गुणही धरला जात नसे. चार दिवसांनी ते मूल रडत घरी जाई, कारण त्याला सवलतीपेक्षा खरा खेळ हवा असे. आखूड ओट्यावरची फेरीही पूर्ण अठरा होलांची, फलकावर नोंदलेल्या स्वतःच्या अपेक्षित फेकसंख्येची आणि स्वतःच्या स्पर्धेची असावयास हवी.

ह्यावर पट्टीच्या खेळाडूंचा जो आक्षेप आहे तो झटकून टाकण्याजोगा नाही. कित्येक मैदानांवर गवत कापणे, पडलेल्या फांद्या उचलणे, पायऱ्या बसविणे हे काम हीच मंडळी सुटीच्या दिवशी विनामूल्य करतात. मैदानात त्यांना रस उरला नाही तर दोन पावसाळ्यांत तेथे झुडपे माजतील, आणि मग नवख्यालाही काही उरणार नाही. श्रम हीही वर्गणीच आहे. त्या वर्गणीपोटी त्यांना लांब ओटे आणि आव्हानाच्या चार-दोन जागा अवश्य मिळाव्यात. जमिनीची मालकी मात्र त्या वर्गणीत येत नाही. जेथे श्रमदानावर भिस्त ठेवणे नको असेल तेथे सॅन डिएगोच्या मोर्ले फील्डप्रमाणे थोडे शुल्क आकारून देखभाल करता येते, परंतु शुल्क आले की दारावर सर्वांत आधी अडतो तो शाळकरी मुलगाच. ही किंमत मोजावयाची की नाही, हे प्रत्येक गावाने डोळे उघडे ठेवून ठरवावे.

आणखी एका पक्षाला सभेत बोलताच येत नाही, तो म्हणजे जमीन. टेक्ससमधील ऑस्टिन शहराच्या पीझ पार्कमधील जुने, लोकप्रिय मैदान अखेर बंद करावे लागले. हजारो पावलांनी माती दाबली गेली, धूप झाली, झाडांना इजा पोचली. एकच ओटा आणि एकच टोपली असली की सगळी पावले एकाच पट्ट्यावर पडतात. दोन-तीन ओटे आणि टोपलीच्या आलटूनपालटून वापरावयाच्या दोन जागा असल्या की पावले विभागली जातात आणि मातीला विसावा मिळतो. निरनिराळ्या कुवतीच्या खेळाडूंची सोय आणि झाडांची सोय येथे एकाच खर्चात होते, असा योग सार्वजनिक कामांत क्वचितच येतो.

राहता राहिला क्रमाचा प्रश्न, आणि तो वाटतो तितका तांत्रिक नाही. नगरांच्या योजना टप्प्याटप्प्याने होतात व शेवटच्या टप्प्याला पैसा पुरत नाही, हा अनुभव कोणत्याही देशाला चुकलेला नाही. पहिल्या टप्प्यात लांब ओटे आणि ‘पुढे सवडीने’ आखूड ओटे असा आराखडा मंजूर झाला, तर आखूड ओटे झालेच नाहीत असे समजून चालावे. त्याऐवजी पहिल्या वर्षी आखूड ओटे पक्क्या सिमेंटचे घालावेत आणि लांब ओटे तात्पुरते, मुरमाचे ठेवावेत. पट्टीचा खेळाडू मुरमावरून वर्षभर खेळेल, कुरकुरेल आणि दुसऱ्या वर्षी सभेत येऊन आपल्या सिमेंटची मागणी करील. नवखा तशी मागणी करावयास येणार नाही. आराखडा मंजूर करण्यापूर्वीचा एक महिना उद्यान विभागाने एखादा माणूस सातव्या होलापाशी बसवून तेथून परत फिरणारे किती, हे मोजून घ्यावे. एका शिपायाच्या पगारात होणारे ते काम आहे.