एकाच बाजारावर भिस्त नको

मॉरिशसमध्ये भाजी पिकवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला लिलाव म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. गाजर, कोबी, पोमदामूर भरून पहाटे बाजार गाठायचा, माल दलालाच्या हवाली करायचा, ‘लांकां’त जी बोली लागेल ती मान्य करायची आणि दलाली वजा जाता उरलेले पैसे घेऊन घरी यायचे, हा क्रम आपल्या अनेक कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या पाळला आहे. त्यातला धडाही सर्वांना ठाऊक आहे. ज्या शेतकऱ्याला एकच दलाल, त्याला भाव तो दलाल सांगेल तोच. शेजारी दुसरे गिऱ्हाईक उभे असले की पहिल्याची भाषा मऊ होते. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण आपल्या आज्यांनी उगीच जपून ठेवली नाही.

हा जुना धडा आज आठवण्याचे कारण म्हणजे मेडनहेड येथील आमच्या घराची आवराआवर. थेम्स नदीच्या काठचे हे गाव लंडनच्या पश्चिमेस पंचवीस-तीस मैलांवर आहे. ब्रुनेलने बांधलेल्या विटांच्या पुलावरून येथे आजही आगगाडी धावते, आणि २०२२ पासून एलिझाबेथ लाइनने हे गाव लंडनच्या पोटाशी जोडले गेले आहे. आपल्या बेटावरून परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी १९७० च्या सुमारास ज्या मुली इंग्लंडला आल्या, त्यांची पिढी आता निवृत्त झाली आहे. मुले आपापल्या संसारात आहेत. मोठे घर सोडून लहान घरात जायचे, तर पन्नास वर्षांचे सामान ठेवायचे कोठे, हा प्रश्न आमच्यासारख्या कितीतरी घरांत उभा आहे.

आमच्या सामानात होते काय? एक शिवणयंत्र, दोन जुने कॅमेरे, जेवणाचे भारी टेबल, कपाटभर कपडे, टपाल तिकिटांचे दोन अल्बम आणि पोर्ट लुईची काही जुनी चित्र-पोस्टकार्डे. नातवंडे म्हणाली, “मोबाईलवर टाका, आठवड्यात सगळे जाईल.” आम्ही तसेच केले. पहिला अल्बम सुचलेल्या पहिल्याच ठिकाणी, घाईघाईने, एकच गठ्ठा करून, दोन अंधुक छायाचित्रे लावून लिलावास ठेवला. एक बोली आली, आणि अल्बम जवळजवळ टपालखर्चाच्या किमतीत गेला. दोष बाजाराचा नव्हता, तो आमचा होता. वस्तू कोणाला हवी आहे आणि ते लोक कोठे जमतात, याचा विचारच आम्ही केला नव्हता.

वास्तविक हा विचार मॉरिशसच्या माणसाला नवा नसावा. आपल्या बेटाची १८४७ सालची ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटे जगभर प्रसिद्ध आहेत. १९९३ साली त्यांपैकी दोन, एक पेनीचे तांबडे आणि दोन पेन्सचे निळे, मॉरिशस कमर्शियल बँकेच्या पुढाकाराने आपल्या संस्थांनी मिळून खरेदी केली आणि सुमारे दीडशे वर्षांनी ती मायदेशी आणली. आज ती पोर्ट लुईच्या ब्ल्यू पेनी म्युझियममध्ये आहेत. त्यांची किंमत वीस लाख डॉलरच्या आसपास होती. ही तिकिटे झुरिच येथे, तिकिटांचाच व्यवहार करणाऱ्या घराने भरवलेल्या लिलावात विकली गेली. ती एखाद्या सर्वसाधारण बाजारात खुर्च्या-टेबलांच्या शेजारी मांडली असती, तर त्यांचे मोल कितीजणांनी ओळखले असते? आमच्या अल्बममध्ये असले रत्न नव्हते हे उघड आहे. परंतु नियम लहान वस्तूलाही तोच लागू होतो.

आता ऑनलाइन लिलावाच्या बाजाराकडे पाहू. या क्षेत्रातला सर्वांत मोठा मालक म्हणजे ईबे. सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार यांनी कॅलिफोर्नियात तो सुरू केला, आणि १९९९ मध्ये तो ब्रिटनमध्ये आला. त्याचे बळ कशात आहे हे समजण्यास अर्थशास्त्र लागत नाही. जेथे घेणारे अधिक, तेथे विकणारे जातात. आणि जेथे विकणारे अधिक, तेथे घेणारे जातात. हे चक्र एकदा फिरू लागले की दुसऱ्याला शिरकाव मिळणे कठीण होते. ईबेवर विकू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जगभरातले गिऱ्हाईक एका जागी भेटणे ही मोठीच सोय आहे, आणि आमचे दोन्ही कॅमेरे आम्ही तेथेच चांगल्या भावाने विकले. आमचे म्हणणे एवढेच, की तो एकमेव बाजार आहे असे समजून चालू नये.

ब्रिटनमध्येच याचे उदाहरण घडले आहे. २०२४ पूर्वी एखाद्या खाजगी माणसाने ईबेवर ५० पौंडांना वस्तू विकली, तर १२.८ टक्के आणि वर ३० पेन्स, म्हणजे ६ पौंड ७० पेन्स, दलालीत जात. ही टक्केवारी टपालखर्चावरही लागे. तिकडे लिथुआनियात २००८ साली जन्मलेले व्हिंटेड नावाचे संकेतस्थळ ब्रिटनमध्ये येऊन वापरलेल्या कपड्यांचा बाजार मांडून बसले. तेथे लिलाव नसतो, ठरलेली किंमत असते. परंतु विकणाऱ्याकडून दलाली घेत नाहीत, संरक्षणाचे शुल्क घेणाऱ्याकडून घेतात. लोक कपडे घेऊन तिकडे जाऊ लागले. पुढे काय झाले? एप्रिल २०२४ मध्ये ईबेने खाजगी विक्रेत्यांच्या कपड्यांवरील दलाली बंद केली आणि ऑक्टोबरमध्ये बहुतेक सर्व वस्तूंवरची. २०२५ पासून ईबेही घेणाऱ्याकडून शुल्क घेऊ लागला, तेव्हा खर्च सर्वस्वी नाहीसा झाला असे नव्हे. तो एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. तरीही जी सवलत पंचवीस वर्षे विनंतीने मिळाली नव्हती, ती शेजारी दुसरे दुकान उघडताच मिळाली, हे विसरून चालणार नाही. ज्यांनी कधी व्हिंटेड पाहिलेही नाही, त्यांनासुद्धा तिचा लाभ झाला.

यावर कोणी म्हणेल, छोटे बाजार टिकत नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे. याहूसारख्या श्रीमंत कंपनीने २००२ मध्ये ब्रिटनमधला आपला लिलाव बंद केला. लंडनमध्ये १९९७ साली सुरू झालेला क्यूएक्सएल एके काळी ईबेचा मोठा प्रतिस्पर्धी होता. ब्रिटनमध्ये आज त्याचे नावही उरलेले नाही. परंतु याच क्यूएक्सएलने २००० साली पोलंडमधले अलेग्रो नावाचे लहान लिलावगृह विकत घेतले होते. २००५ मध्ये ईबे पोलंडमध्ये उतरला, पण अलेग्रोला हलवू शकला नाही. आज पोलंडचा माणूस आधी अलेग्रो पाहतो.

त्याहून आपल्याला जवळचे उदाहरण न्यूझीलंडचे. तोही बेटांचा देश, मोठ्या बाजारांपासून दूर. तेथे १९९९ मध्ये सॅम मॉर्गन या तरुणाने ‘ट्रेड मी’ सुरू केले. मोठ्याने लक्ष घालण्याआधी धाकट्याने घर बांधून घेतले. देशातल्या देशात टपाल, ओळखीची बँक, गावातल्या गावात माल नेण्याची सोय, एवढ्या बळावर ते इतके रुजले, की २००६ मध्ये फेअरफॅक्स कंपनीने ते ७० कोटी न्यूझीलंड डॉलर देऊन घेतले. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात स्वतःचा लिलाव-बाजार उभा राहतो, मग आपल्या बेटाने याकडे केवळ गिऱ्हाईक म्हणूनच का पाहावे? हा प्रश्न आमच्या तरुणांपुढे आम्ही ठेवतो.

एकाच बाजारावर विसंबण्यात आणखी एक धोका आहे. मुंबईत २००० साली ‘बाझी’ नावाचे लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले. २००४ मध्ये ईबेने ते सुमारे पाच कोटी डॉलरला विकत घेतले आणि आपले नाव दिले. २०१७ मध्ये ईबेचा भारतातला धंदा फ्लिपकार्टकडे गेला, आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ते दुकान बंद झाले. ज्यांनी वर्षानुवर्षे तेथे विकून नाव कमावले होते, ग्राहकांच्या शिफारशी जमवल्या होत्या, त्यांचे ते भांडवल तेथेच राहिले. बाजार दुसऱ्याच्या मालकीचा असतो, आणि तो केव्हा आवरायचा हे मालक ठरवतो. म्हणून ज्याची रोजीरोटी त्यावर आहे, त्याने दोन ठिकाणी दुकान मांडलेले बरे.

मग जावे तरी कोठे? तिकिटे, पोस्टकार्डे, नाणी, जुने कागद यांसाठी बेल्जियमचे डेलकांप आहे. २००० साली सुरू झालेल्या या बाजारात जगभरचे संग्राहक जमतात, आणि तेथे एकेका देशाचा, एकेका गावाचा शोध घेणारे लोक भेटतात. आम्ही पोस्टकार्डे तेथे एकेक करून ठेवली; मागची-पुढची बाजू स्पष्ट दाखवली, टपालाचा शिक्का व वर्ष लिहिले. विक्रीस वेळ लागला, परंतु गठ्ठ्याला मिळाला असता त्याहून कितीतरी अधिक भाव आला. एक कार्ड तर मॉरिशसलाच परत गेले. दागिने, घड्याळे, कलावस्तू यांसाठी नेदरलँडचे कॅटाविकी आहे. तेथे त्यांचे जाणकार वस्तू तपासून मगच लिलावास घेतात. त्यांचे शुल्क हलके नाही, पण वस्तू खरोखर मोलाची असेल तर जाणकाराची नजर कामाला येते. ई-बिड हे जुने संकेतस्थळ मांडणीसाठी पैसे मागत नाही. गर्दी मात्र तेथे कमी, म्हणून घाई नसलेल्या मालासाठी ते बरे. जेवणाच्या टेबलासारखा जड माल दूर धाडण्यात अर्थ नसतो. तो गमट्रीसारख्या स्थानिक जाहिरातींवर, ‘येऊन घेऊन जा’ म्हणून विकावा.

आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. पहिली, वस्तू ठेवण्यापूर्वी तशीच वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहावे. मागितलेली किंमत कोणीही लिहितो. खरी किंमत ती, जी कोणी मोजली. दुसरी, एकच वस्तू दोन लिलावांत एकाच वेळी ठेवू नये. दोन्हीकडे बोली लागली तर एकाला दिलेला शब्द मोडावा लागतो. तिसरी, लहान बाजारात कमीत कमी किंमत आधी ठरवून लिहावी, कारण तेथे चढाओढ होईलच याची खात्री नसते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, व्यवहार संकेतस्थळाच्या बाहेर नेऊ नये. “मी माझा माणूस पाठवतो, तुमच्या बँकेचा तपशील या दुव्यावर भरा,” असे कोणी म्हणाले, की तो घेणारा नव्हे, लुबाडणारा आहे असे समजावे. टपालाची पावती पैसे मिळेपर्यंत व त्यानंतरही काही काळ जपून ठेवावी.

कराबद्दल ब्रिटनमधील आपल्या मंडळींत विनाकारण भीती पसरली आहे. २०२४ पासून वर्षाला ३० किंवा अधिक वस्तू, अथवा सुमारे १,७०० पौंडांहून अधिक विक्री झाली, तर अशा संकेतस्थळांना विक्रेत्याची माहिती करखात्याला कळवावी लागते. हा नवा कर नव्हे. आपल्या घरातले वापरलेले सामान विकणे हा सहसा धंदा मानला जात नाही. परंतु विकण्यासाठीच माल आणला किंवा बनवला, तर तो धंदा होतो, आणि वर्षाला १,००० पौंडांपुढे मिळकत गेली की ती कळवावी लागते. हिशेबाची एक वही ठेवली, की भिण्याचे कारण उरत नाही.

दुसरा अल्बम आम्ही अजून विकलेला नाही. घाई नाही. त्याची पाने नीट पाहून, एकेक तिकीट ओळखून, मग तो योग्य ठिकाणी नेऊ. आपल्या वडीलधाऱ्यांच्या घरीही अशी कपाटे असतील. कोणाचे जुने कागद, कोणाची पितळी भांडी, कोणाच्या आईची नथ. त्यांतले काय ठेवायचे आणि काय द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु जे विकायचे ठरेल, ते पहिल्या दारात टाकून येऊ नका. आपल्या आजोबांना एकाच लांकांवर अवलंबून राहावे लागले, कारण त्यांच्याजवळ दुसरा मार्ग नव्हता. आपल्याजवळ मार्ग आहेत. दोन-चार दारे ठोठावून पाहा, आणि आपला अनुभव शेजाऱ्यालाही सांगा.