आधी बोर्ड, मग प्रोसेसर

गेल्या शनिवारी बडनेऱ्याला होतो. जुन्या वस्तीत माझा मामेभाऊ लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम करतो. चहा यायच्या आधीच त्याने एक छोटी डबी टेबलावर ठेवली.

"दादा, हा प्रोसेसर घेतला म्या. पण मशीन चालूच नाई होऊन रायली."

डबीत आठव्या पिढीचा वापरलेला आय५ होता. त्याच्या मशीनवर सातव्या पिढीचा आय५-७४०० आणि बी२५० चिपसेटचा बोर्ड. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी तरी लागते. म्हणून अमरावतीतल्या एका दुकानदाराने त्याला सांगितलं की सॉकेट एकच आहे, फक्त प्रोसेसर बदला. पाच हजार गेले. वापरलेला माल, परत घेणार नाही म्हणे.

आता दुकानदार अगदीच खोटं बोलला असंही नाही. दोन्हीच्या सॉकेटचं नाव एलजीए ११५१ च आहे. प्रोसेसर खाचेत बसतोही छान. पण आठव्या पिढीच्या वेळी, म्हणजे २०१७ मध्ये, इंटेलने काही पिनांची कामं बदलली आणि ३०० मालिकेचे चिपसेट लागतील असं ठरवून टाकलं. चप्पल पायात बसली म्हणून ती आपलीच असते असं नाही ना, तसंच हे :)

तर माझं मत असं की आपण डेस्कटॉपची खरेदी उलटी करतो. आधी प्रोसेसरच्या नंबरवर भाळतो आणि उरलेल्या पैशात बोर्ड बसवतो. खरं तर आधी हे ठरवावं की आपल्याला काय बदलायचं *नाही*. बोर्ड त्यावरून निवडावा आणि प्रोसेसर सगळ्यात शेवटी.

हे शहाणपण माझं नाही. मुंबईच्या दिशेने जाताना बडनेऱ्यानंतर मूर्तिजापूर लागतं. त्याच तालुक्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर. पुण्यात सी-डॅक १९८८ मध्ये सुरू झालं आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. त्यात प्रोसेसर कोणता होता, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. त्या काळी ही निवड चांगलीच होती, कारण अनेक चिपा एकमेकींना जोडायची सोय त्या चिपमध्येच होती. पण ट्रान्सप्यूटरची पुढची पिढी रखडली आणि ती वाटच बंद झाली. मग १९९४ च्या 'परम ९०००' मध्ये रचनाच अशी केली की नवे प्रोसेसर आले की सामावून घेता यावेत. महासंगणकवाल्यांनाही जे एका प्रोसेसरवर भिस्त ठेवून जमलं नाही, ते आपल्याला काय जमणार?

असो. भावाकडे परत येऊ. त्याच्याकडे टिकवण्यासारखं काय होतं? आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, एसएसडी आणि बरा पॉवर सप्लाय. आणि २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी गिळायला सुरुवात केल्यापासून रॅमच्या किमती अशा भडकल्या आहेत की जुनी रॅम म्हणजे घरातलं सोनंच.

एएमडीचा एएम५ सॉकेट पुढे जास्त वर्षं चालेल, हे मला मान्य आहे. आधीच्या एएम४ वर २०१७ च्या काही बोर्डांना २०२२ मध्ये बायोस अपडेट मिळून रायझन ५००० चालू लागले होते, हा त्यांचा इतिहास आहे. पण एएम५ ला डीडीआर५ च लागते. पुढच्या बचतीसाठी आज दुप्पट खर्च करायचा, आणि तोही दर आठ वर्षांनी मशीन बदलणाऱ्या माणसाने? मला पटत नाही. त्याच्यासाठी मी इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट, बी७६० चिपसेट आणि डीडीआर४ चे चार स्लॉट असलेला बोर्ड लिहून दिला. सॉकेट चौदाव्या पिढीपाशी संपतो, ठाऊक आहे. पण जुन्या रॅम तशाच बसतील आणि दोन स्लॉट मोकळे राहतील.

प्रोसेसर आय५-१२४००. मागे 'एफ' असलेला नाही. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. आणि आजकालचे कॅमेरे जे १०-बिट एच.२६५ फुटेज देतात, ते उलगडायला इंटेलचं हे आतलं ग्राफिक्सच त्याच्या कामाचं. थोडे पैसे वाचवायला एफ घेतला असता तर पुन्हा कपाळावर हात.

त्याला हवा होता आय७-१४७००के.

"दादा, एकदाच मोठा घेऊन टाकतो ना. कायले किचकिच?"

मी त्याला आकडे सांगितले. १२४०० जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो, १४७००के २५३. स्वस्त बोर्डावर एवढा भार टाकला की वीज पुरवणारा भागच तापतो आणि पैसे मोजलेला वेग मिळतच नाही. शिवाय तेराव्या-चौदाव्या पिढीच्या चिपा अस्थिर होत असल्याचं प्रकरण २०२४ मध्ये गाजलं. इंटेलला बायोसमधून दुरुस्ती द्यावी लागली, वॉरंटी दोन वर्षं वाढवावी लागली.

त्यात आपला उन्हाळा. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ वर चालत असेल, तर बडनेऱ्यातल्या मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत तो ९२ च्या आसपास जाणार. पंखा कितीही भारी लावा, तो खोलीपेक्षा थंड हवा आणणार कुठून? शंभराजवळ गेला की चिप स्वतःच वेग कमी करते. म्हणजे ऐन लग्नसराईत तुमचा आय७ चालणार आय५ सारखा! परदेशातले रिव्ह्यू वातानुकूलित खोलीत लिहिलेले असतात, हे विसरू नये. (आणि हो, वाळ्याचा कूलर सीपीयूच्या तोंडावर सोडू नका. भाऊ तेच करत होता. दमट हवेने आतले स्क्रू गंजले होते.)

त्याला हे सगळं पटलं का? निम्मं पटलं असावं. कागद खिशात ठेवत म्हणाला, "पण मंग ह्या पाच हजाराचं काय?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौकात 'सेम सॉकेट' म्हणून सांगणं फुकट असतं, ऐकणाऱ्याला मात्र दोन लग्नांची कमाई लागते. म्हणून एवढंच सांगतो. पैसे देण्याआधी बोर्डाचा पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहा, बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते ती उघडा आणि दुकानदारासमोर त्यात आपला प्रोसेसर शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. यादीत नाव नसेल तर डबी तिथेच ठेवून घरी या.