विमानभाडं रात्री जागून उतरत नाही

दिवाळीच्या सुट्टीत केरळला जायचं ठरलं की सल्ले सुरू होतात. तिकीट मंगळवारी मध्यरात्री बघा, ब्राउझर ‘इनकॉग्निटो’ ठेवा, एकच मार्ग दोनदा शोधू नका, नाहीतर कंपनी गरज ओळखून भाव चढवते. हा पूर्वपक्ष आता इतका रुजलाय की चांगली शिकलेली माणसंही गजर लावून उठतात. मला तो साफ अमान्य आहे.

१९९४ साली एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला, तेव्हापासून भाडं ठरवणं कंपन्यांच्याच हाती आहे. करोनाकाळात, मे २०२० ते ऑगस्ट २०२२, सरकारने मर्यादा घातली होती, तो एक मोठा अपवाद. कंपन्या करतात काय, तर एकसारख्याच खुर्च्या निरनिराळ्या भावांच्या गटांत विकतात. स्वस्त गटात जागा मोजक्या. त्या संपल्या की वरचा गट उघडतो. सणासुदीला तर स्वस्त गट आधीच आखडता घेतात. कालचा भाव आज चढला, तर मधल्या वेळात त्या जागा कुणीतरी घेतल्या किंवा कंपनीने तो गट बंद केला, एवढाच त्याचा बहुधा अर्थ. तुमच्या मोबाइलवर डूख धरून कुणी बसलेलं नाही.

पडताळा घ्यायचा तर चौघांऐवजी आधी दोघांचं भाडं बघा. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील, तर चार तिकिटं एकत्र मागताच बऱ्याचदा चौघांनाही वरचा भाव लागतो. दोन-दोन करून काढली की निम्म्या घराचे पैसे वाचतात. अशी बचत मध्यरात्रीच्या जागरणाने झालेली मी पाहिलेली नाही.

शेवटच्या दिवशी रिकाम्या जागा मातीमोल विकतात, हाही भ्रमच. ऐनवेळी येतो तो कामाचा किंवा अडलेला प्रवासी, आणि तो मागतील ते देतो. शिवाय दिवाळीत जागा रिकाम्या राहतात कुठे?

मग हातात काय? तारीख आणि विमानतळ. ‘शाळेच्या सुट्ट्या आमच्या हातात नाहीत’ हा आक्षेप खराच आहे, पण तो अर्धाच. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं, हे अर्ध्या मुंबईने ठरवलेलं असतं. बहुतेक शाळांची सुट्टी त्यानंतरही काही दिवस उरते. दोन-तीन दिवस थांबून आठवड्याच्या मध्यावर निघा आणि परतीचा रविवार टाळा. लवकर तिकीट काढणं चांगलंच, पण चुकीच्या तारखेचं लवकर काढलेलं तिकीटही महागच पडतं.

परतीचं तिकीट त्याच विमानतळावरून हवं, हा हट्टही सोडावा. देशांतर्गत प्रवासात जाण्याचं आणि येण्याचं भाडं सहसा स्वतंत्रच लागतं. कोचीला उतरून मुन्नार, अलेप्पी, कन्याकुमारी केलीत तर परत कोचीला कशाला? कन्याकुमारीहून तिरुअनंतपुरम साधारण ९० किलोमीटर. कोची त्याच्या तिप्पट लांब. मुंबईकरांना तर डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचाही पर्याय झाला आहे. दोन्हीकडचे भाव बघायलाच हवेत.

आणि तुलना करायची ती शेवटच्या रकमेची. जास्तीचं सामान, आसननिवड, माणशी लागणारं बुकिंग शुल्क, रात्री एकला उतरल्यावरची टॅक्सी आणि हॉटेलची वाया गेलेली अर्धी रात्र हे सगळं मिळवून मगच कुठलं विमान स्वस्त ते ठरवा.