वीण आणि लेबल

सोलापुरी चादर ओळखण्यासाठी लेबल पाहावे लागत नाही. जकार्ड मागावर नक्षी विणतानाच कापडात उतरते. चादर उलटली तरी तीच नक्षी रंगांची अदलाबदल करून समोर येते. मराठी संकेतस्थळांचे दर्शनी रूप पाहताना मला हे हटकून आठवते. वाङ्मयाला वाहिलेले संकेतस्थळही माथ्यावर वारली चित्र, पैठणीचा काठ, नाहीतर दौत-टाक मिरवते. हे लेबल झाले. वाचकाची नजर त्यावर क्षणभर ठरते. उरलेला वेळ ती अक्षरांवरून फिरते, आणि ती अक्षरे पुष्कळदा हिंदी वळणाची असतात.

पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी लेखनाची ओळख. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानेही तीच रूपे मान्य केली. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना संकेतांक एकच. त्यामुळे रूप ठरवतो तो फॉन्ट. काही फॉन्टांत मराठी रूपे दडलेली असतात. पानाच्या संकेतात भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की ती उमटतात. काम एवढ्याशा नोंदीचे, पण तेही राहून जाते.

अर्थ कळला म्हणजे पुरे, असे कोणी म्हणेल. पण निर्णयसागर छापखान्याची पुस्तके त्यांच्या सुबक टायपामुळे नावाजली गेली, तीही वाचकाला अर्थ कळावा म्हणूनच छापलेली होती. मुलांना पाटीवर एक ल गिरवायला लावायचा आणि पडद्यावर दुसराच दाखवायचा, हे निदान भाषेच्या शिक्षकांना तरी खटकायला हवे.