निरोगी बाळाचे रक्त कोण मोजणार?

समजा, जबलपूरच्या एखाद्या रुग्णालयात पूर्ण दिवसांचे, तीन किलो वजनाचे बाळ आहे. लहानशा शस्त्रक्रियेपूर्वी त्याच्या रक्त गोठण्याची तपासणी होते आणि अहवालातील पीटी व एपीटीटी या दोन्ही आकड्यांपुढे ‘वाढलेले’ अशी खूण उमटते. बाळ ठणठणीत असते. यंत्राचेही काही चुकलेले नसते. फक्त शेजारी छापलेली ‘सामान्य’ मर्यादा प्रौढांची असते.

जन्मतः के जीवनसत्त्वावर अवलंबून असलेले रक्त गोठवणारे घटक प्रौढांच्या साधारण निम्मे असतात. म्हणून या चाचण्यांत वेळ अधिक लागतो. पण गोठण्याला आवर घालणारी प्रोटीन सी व अँटिथ्रॉम्बिन ही द्रव्येही कमीच असतात, आणि फॉन विलेब्रांड घटक उलट जास्त असतो. तराजूची दोन्ही पारडी हलकी, काटा मात्र जागेवर. कॅनडातील मॉरीन अँड्र्यू यांनी १९८७ मध्ये शंभराहून अधिक निरोगी अर्भकांचे रक्त पहिल्या दिवसापासून सहा महिन्यांपर्यंत मोजून या घटकांची वयानुसार बदलती पातळी नोंदवली. हार्टर्ट यांनी १९४८ मध्ये जर्मनीत मांडलेल्या थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफीत पेशींसह सगळेच रक्त एका डोलणाऱ्या पेल्यात गोठू देतात आणि गुठळीचा ताठरपणा मोजतात. तिथे निरोगी नवजाताचे रक्त प्रौढाइतकेच, कधी त्याहून लवकर गोठताना दिसते. (यावरून के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन नको, असा अर्थ कोणी काढू नये. जन्मानंतरची ती एक मिलिग्रॅमची मात्रा जीव वाचवते.)

चुकीच्या मर्यादेची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. निरोगी बाळाला विनाकारण प्लाझ्मा चढतो, किंवा त्याची शस्त्रक्रिया लांबते. उलट ‘नवजाताचे आकडे असेच असतात’ म्हणून खरा रक्तस्रावाचा आजार नजरेतून सुटू शकतो. सौम्य हिमोफिलिया बी जन्मतः ओळखणे तर मुळातच कठीण, कारण नववा घटक साऱ्याच बाळांत कमी असतो.

मग कॅनडाचे आकडे उसने का घेऊ नयेत? कारण अभिक्रियाकारक आणि यंत्र बदलले की सेकंद बदलतात. म्हणूनच प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या यंत्रावर वयानुसार मर्यादा ठरवाव्यात, अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची २०१२ ची शिफारस आहे. काम सोपे नाही. तीन किलोच्या बाळात रक्तच सुमारे अडीचशे मिलिलिटर. त्यातून तीन मिलिलिटर काढणे म्हणजे प्रौढाचे साठेक मिलिलिटर काढण्यासारखे. शिवाय नवजाताचे रक्त दाट, त्यामुळे नळीतील सायट्रेटचे प्रमाण सांभाळले नाही तर आकडा आणखी फसवतो. निरोगी बाळाला सुई टोचू देण्यास आईवडील कचरणार, हेही रास्त आहे.

तरीही जबलपूरमध्ये वैद्यकीय महाविद्यालय आहे, आदिवासी आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि मुंबईत परळला रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. तिघांनी मिळून, पालकांच्या संमतीने आणि शक्य तितक्या थोड्या रक्तात हे काम करावे. अशा मोजणीतून नवे औषध निघत नाही, मथळाही होत नाही. अनुदान मिळणे म्हणूनच अवघड जाते. तोवर प्रयोगशाळांनी निदान एवढे करावे: अहवालावरील ‘सामान्य’ मर्यादा कोणत्या वयाची आहे, ते तिच्याशेजारीच छापावे.