घरबसल्या काम आणि रुग्णाचे गुपित

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसांचा बळी गेला. म्हाडाने पुनर्वसनाची घरे बांधायला घेतली. परंतु डोक्यावर छप्पर आले म्हणजे चूल पेटली असे होत नाही. महाड-पोलादपूरच्या डोंगरातील तरुण चाकरीसाठी मुंबई गाठतो, ही जुनी रीत. शिकलेल्या मुली-सुना मात्र गावीच राहतात, आणि त्यांच्यासमोर ‘घरबसल्या संगणकावर कमवा’ असे आमिष ठेवले जाते. त्यातलेच एक काम म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शन. डॉक्टरने बोलून ठेवलेली रुग्णाची हकिगत कानाने ऐकायची, टाईप करायची आणि परत पाठवायची. काम प्रतिष्ठेचे आहे. प्रश्न इतकाच आहे की, त्यातली जोखीम कोणाच्या माथी मारली जाते?

२००३ सालचे एक प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयाने आपले टायपिंगचे काम एका कंपनीला दिले. तिने ते फ्लोरिडातील बाईला, तिने टेक्सासमधील माणसाला आणि त्याने कराचीतील एका स्त्रीला दिले. प्रत्येक हाताने आपला वाटा कापून घेतला आणि शेवटच्या हाताचे पैसे थकले. तेव्हा त्या स्त्रीने रुग्णालयालाच ई-मेल धाडून, थकबाकी मिळाली नाही तर रुग्णांची कागदपत्रे इंटरनेटवर टाकीन, अशी धमकी दिली. काही रक्कम मिळाल्यावर तिने धमकी मागे घेतली. तिचे कृत्य समर्थनीय नाही, कारण तिला लुबाडणारे दलाल होते, रुग्ण नव्हेत. पण ज्या साखळीने तिला तेथवर आणले, ती साखळी निर्दोष कशी ठरते?

आपल्याकडेही हीच साखळी आहे. वरचा कंत्राटदार करारात एक कलम घालतो: माहिती फुटली तर सर्व नुकसानभरपाई टायपिंग करणारीने द्यावी. ओळीमागे काही पैसे मिळवणारी बाई लाखोंची जामीनदार होते! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्व याच्या उलट आहे. ज्याने माहिती गोळा केली आणि तिचा वापर ठरवला, तोच जबाबदार. काम दुसऱ्याकडून करून घेतले म्हणून तो सुटत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७२-अ आहेच. करार मोडून, दुसऱ्याचे नुकसान किंवा आपला गैरफायदा करण्यासाठी माहिती उघड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि गुपित हे काही बंगल्यातल्यांचेच नसते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील हक्क आहे, असा निर्वाळा दिला. कागदावरचे आडनाव वाचून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजात, आजाराचे नाव वाचून काय होईल हे आम्ही सांगायला नको. एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली, ती उगीच नव्हे.

म्हणून काम घेणाऱ्या भगिनींनी काही गोष्टी पक्क्या कराव्यात. आवाज हेडफोनवरच ऐकावा. दोन खोल्यांच्या घरात भिंतीलाही कान असतात. आवाज थांबवण्या-सोडण्यासाठी पायाने दाबायचे पेडल घेतले तर हात मोकळे राहतात. नेहमीच्या शब्दांची लघुरूपे संगणकाला शिकवून ठेवली तर ओळी वाढतात, पण त्यात रुग्णाचे नाव घालू नये. कामाच्या फाईली व्हेराक्रिप्टसारख्या मोफत साधनाने कुलूपबंद कराव्यात, घरातल्या मुलांच्या हाती जाणाऱ्या मोबाईलवर ठेवू नयेत आणि काम पोचल्यावर ठरल्याप्रमाणे पुसाव्यात. आवाजाचे आपोआप लिखाण करून देणाऱ्या इंटरनेटवरील फुकट सेवांवर रुग्णाची फाईल चढवणे म्हणजे ती परक्याच्या हाती देणे होय. व्हिस्परसारखे साधन आपल्याच संगणकावर चालते. परंतु न बोललेली वाक्येही ते लिहून टाकते, असे २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवले. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ यांतल्या एका अक्षराने औषध उलटे पडते. म्हणून माणसाच्या कानाची गरज अजून संपलेली नाही, आणि त्या कानाची किंमत मागितली पाहिजे.

किंमत मागायची ती कायद्याने. तारीख, फाईल क्रमांक आणि ओळींची संख्या यांची वही रुग्णाच्या नावाविना ठेवा. पैसे थकले तर तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावता येतो. रुग्णाची फाईल ओलीस धरण्याची गरज नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्यांची व्याख्या आहे, तेव्हा असंघटित कामगार म्हणून ई-श्रमवर नोंद करा. मात्र घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार भारताने आजही मान्य केलेला नाही, याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे.

एकटी बाई करार बदलून घेऊ शकत नाही. दहा जणी मिळून घेऊ शकतात. महाड-पोलादपुरातील आपल्या वकील मंडळींनी आठवड्यातला एक दिवस वस्तीत बसून हे करार वाचून द्यावेत. सही करण्यापूर्वी वाचलेले एक कलम, सही केल्यानंतरच्या दहा तारखा वाचवते.